खाडा करून डोंगरात

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



पोटगी, रेशन, मारहाण हे विषय सोडून ही बाई धबधब्यांवर काय बोलणार, असं काही जणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. सांगते.

मागच्या सप्टेंबरअखेरीस आम्ही अकरा जणी मढे घाटात गेलो. पुण्याहून वेल्ह्यामार्गे केळद, आणि पुढे सह्याद्रीची धार. तिथून खाली कोकणात कर्णवडीकडे जुनी घाटवाट उतरते. तानाजी मालुसऱ्यांचं शव सिंहगडाहून उमरठला याच वाटेनं नेलं, असं सांगतात. वरचा लक्ष्मी धबधबा आता सगळ्यांना ठाऊक झालाय, पावसाळ्यात रविवारी तिथे गर्दी असते. आम्हांला पलीकडच्या घळीतले दोन बिननावाचे धबधबे बघायचे होते. तिकडे मळलेली वाट नाही. आहे ती ढोरवाट, आणि तीही कारवीच्या रानात मध्येच हरवते.

पण खरी चढण घरातून निघतानाच लागली. अकरांपैकी सहा जणी घरकाम करणाऱ्या. दोन दिवसांचे दोन खाडे, आणि चार घरं धरलेली असली तर आठ. पैशाचं कसंबसं जमलं, पण ‘कशाला जायचंय?’ या प्रश्नाला उत्तर सापडेना. वारीला जा, जेजुरीला जा, काळूबाईला जा, कोणी अडवत नाही. नुसतं चालायला, भिजायला, बघायला जायचं म्हटलं की बाई बिघडली! शेवटी तिघींनी ‘देवाला जातो’ असंच सांगितलं. एकीनं तर परतताना प्रसाद म्हणून वेल्ह्यातून पेढे घेतले. खोटं बोलू नका असं त्यांना सांगणारी मी कोण? मला घरी एवढंच सांगावं लागलं होतं, की भाजी फ्रीजमध्ये आहे. आणि त्यावरही बोलणं झालंच.

केंद्र सरकारची २०१९ ची वेळेच्या वापराची पाहणी आहे. घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांची ९७. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क सांगतं. शिबिरांत आपण ते कलम चहाच्या आधी घाईघाईनं उरकतो.

वाट दाखवायला वस्तीवरच्या एक मामी होत्या. पुरुष वाटाड्याला देतात तेवढेच पैसे आम्ही ठरवले, तर त्याच संकोचल्या. हातात कोयती, पायात प्लास्टिकच्या चपला. आमचे नवे बूट शेवाळलेल्या कातळावरून घसरत होते आणि मामी सरळ चालल्या होत्या. मोळी घेऊन याच उतारावरून आयुष्य गेलंय, म्हणाल्या. कथेतली हिरकणी आपल्याला आई म्हणून पाठ आहे. अंधारात रायगडाचा कडा उतरायचा तर कातळाची किती ओळख पायांत लागते, हे कोणी सांगत नाही. आमच्यात दम लागला तो टेबलावर बसून काम करणाऱ्यांना. एकीला वाटेतच पाळी आली. कोणी कुजबुजलं नाही, दोघींनी चादर धरली, झालं.

पहिल्या धबधब्याखाली सगळ्या मनसोक्त भिजलो. दुसऱ्यासाठी ओढा ओलांडायचा होता, जेमतेम पंधरा पावलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण पाणी बघता बघता गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाजही बदलला. वर घाटमाथ्यावर पाऊस झाला होता. निघण्यापूर्वी आम्ही ठरवलं होतं, की एकीनं ‘नको’ म्हटलं तरी सगळ्या थांबणार. ‘नको’ म्हटलं पेढेवालीनं. चौघी चिडल्या. एवढ्या लांब येऊन परत फिरायचं? ‘आपण सगळं एकमतानं ठरवतो ना,’ असंही कोणी म्हणालं. मला एकमताचं कौतुक आहे, पण ते बैठकीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तीही आधी त्याच पाण्यात निवांत उभी होती. मामींनी कोयती कमरेला खोचली आणि खाली बसल्या. पाऊण तासात, ज्या दगडांवरून जाणार होतो ते दिसेनासे झाले.

दुसरा धबधबा आम्ही पाहिला नाही, नुसता ऐकला. चौघींपैकी एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ती समोरच बसली आहे.

आता मुद्द्याचं. शिबिराला येणाऱ्या बाईचा खाडा आपण भरून देतो. डोंगरात जाणारीचा द्यावा की नाही, यावर कार्यकारिणीत दोन तट आहेत. वर्गणीचे पैसे मौजेवर घालवू नयेत, असं काहींचं म्हणणं. माझं मत द्यावा असं आहे. नाहीतर पुढच्या खेपेला फक्त पगारी रजा असलेल्याच जातील. विषय उद्या दुपारच्या बैठकीत आहे. घरकामवाल्या मैत्रिणींनी त्या वेळी जेवण आवरायला उठू नये, ताटं आम्ही घासू. दिवाळीनंतर तो धबधबा आटत जातो, म्हणून पुढच्या सप्टेंबरचं आत्ताच ठरवायला हवं. मामींना तसं सांगून आले आहे.