आधी कोणी?



भाऊबंदांत सामाईक विहीर असली की काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. पाणी दोघांनाही हवे असते. पण पहिली पाळी कोणाची, यावर वर्षे निघून जातात. उत्तर आयर्लंडच्या राज्यकारभाराची गोष्ट बरीचशी अशीच आहे.

या लहानशा प्रांतात सुमारे ३० वर्षे रक्तपात चालला. ३,५०० च्या वर माणसे बळी पडली. ब्रिटनशी नाते राखू म्हणणारे एकीकडे, त्यांत बहुतेक प्रॉटेस्टंट. सारे आयर्लंड एक करू म्हणणारे दुसरीकडे, त्यांत बहुतेक कॅथॉलिक. अखेर १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टला करार झाला. पुढच्याच महिन्यात लोकांचा कौल घेतला, तेव्हा तिथल्या शंभरांतल्या ७१ मतदारांनी होकार दिला. सरकार दोन्ही बाजूंनी मिळून चालवायचे ठरले. मुख्यमंत्री एका बाजूचा, उपमुख्यमंत्री दुसऱ्या बाजूचा. नावात 'उप' असले तरी अधिकार सारखेच. आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जायचे.

डिसेंबर १९९९ मध्ये कारभार हाती आला, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये तो पुन्हा लंडनकडे गेला. एक बाजू म्हणे, 'आधी शस्त्रे टाका, मग सत्ता.' दुसरी म्हणे, 'आधी करार पुरा पाळा, मग शस्त्रांचे बोलू.' विश्वास कोणाचाच कोणावर नव्हता.

मग कोंडी फुटली कशी? एक तर, साक्षीदार तिसरा आणला. सप्टेंबर २००५ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीची शस्त्रे निकामी झाली, हे एका कॅनेडियन सेनापतीने सांगितले. सोबत दोन्ही पंथांचा एकेक धर्मगुरू होता. दुसरे, ऑक्टोबर २००६ मध्ये सेंट अँड्र्यूज येथे प्रत्येक पावलाला तारीख बांधली. जानेवारी २००७ मध्ये शिन फेन पक्षाने पोलीसदल मान्य केले, आणि ८ मे २००७ रोजी इयन पेस्ली व मार्टिन मॅगिनेस एकत्र शपथ घेऊन बसले. एक कडवा पाद्री, दुसरा एके काळचा बंडखोर सेनानी! पण वर्षभरात दोघे एकत्र हसताना दिसू लागले, तेव्हा लोकांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

तरीही भांडण मिटले असे नाही. जानेवारी २०१७ मध्ये मॅगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तीन वर्षे मंत्रिमंडळच नव्हते. खाती सरकारी अधिकारी चालवीत. मोठे निर्णय तसेच पडून राहत. डिसेंबर २०१९ मध्ये तर तिथल्या परिचारिका पगारासाठी आणि अपुऱ्या मनुष्यबळासाठी संपावर गेल्या. मंत्र्यांच्या रुसव्याची किंमत रुग्णाने मोजली ती अशी. २०२२ मध्ये दुसरी बाजू रुसली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये परतली. तेव्हा मिशेल ओनील मुख्यमंत्री झाल्या. अखंड आयर्लंडवाल्यांकडे ते पद प्रथमच आले.

दोन किल्ल्यांचे कुलूप असे असते. एकट्याला उघडता येत नाही, म्हणून दुसरा निर्धास्त; पण बंद ठेवायला एकटा पुरतो. हा दोष खराच. म्हणून 'विश्वास बसला की एकत्र बसू' असे म्हणत थांबायचे का? बेलफास्टचा अनुभव उलटा आहे. तिथे माणसे आधी एकत्र बसली. विश्वास मागाहून आला. थोडा आला, पण आला.