उत्पन्न आधी ओळखा



सीए इंटरमीजिएटची तयारी करणारी बहुतेक मुले करांचा अभ्यास दरांच्या तक्त्यापासून सुरू करतात. मग कलमांचे क्रमांक घोकतात. माझ्या मते सुरुवातच तिथे नसावी. दर कोणत्याही अर्थसंकल्पात बदलू शकतात. क्रमांकांचे म्हणाल, तर १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेले क्रमांक बदलले. टिकते ते एकच : समोरचे उत्पन्न कशाचे आहे, हे ओळखण्याची नजर.

कोल्हापूरकडचा एक ऊस उत्पादक घ्या. ऊस साखर कारखान्याला घातला, तर मिळणारा पैसा शेतीचे उत्पन्न, म्हणून करमुक्त. तोच ऊस त्याने स्वतःच्या गुऱ्हाळात गाळला, काहिलीत रस आटवला आणि गुळाच्या ढेपा बाजारात नेल्या, तर? पुष्कळ विद्यार्थी पटकन म्हणतात, माल शेतातलाच, सगळे करमुक्त. पण कायदा विचारतो, हा माल आहे तसा विकला जात नव्हता का? उसाला तर तयार बाजार आहे. तेव्हा गूळ करणे हा व्यवसाय झाला. गुळाच्या उत्पन्नातून उसाचा बाजारभाव शेतीचा म्हणून वजा करायचा, गूळ करण्याचा खर्च वजा करायचा. उरेल तो व्यवसायाचा नफा. आणि त्याच शेतकऱ्याने उसाची रोपवाटिका चालवून रोपे विकली, तर ते उत्पन्न कायदा शेतीचेच मानतो. बांध एक, माणूस एक, उत्तरे वेगवेगळी. ही तीन उत्तरे कारणांसकट सांगता आली, की शेती उत्पन्नाचा भाग समजला असे खुशाल माना.

जीएसटी मागे ढकलू नका. शंभर गुणांच्या पेपरात पन्नास गुण त्याचे आहेत. तिथेही आधी व्यवहार ओळखायचा. इचलकरंजीहून कापड सोलापूरच्या दुकानदाराकडे गेले, तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर. बेळगावला गेले, तर आयजीएसटी. अंतर बघू नका, माल कुठून निघाला आणि कुठे पोचला, ती राज्ये बघा.

आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा, कोणत्या दुरुस्त्या लागू आहेत, हे इन्स्टिट्यूट जाहीर करते. ते वाचल्याशिवाय जुन्या नोट्स हातात घेऊ नका. थोरल्या भावंडांच्या तर नाहीच.

आणि गणिते हाताने सोडवा. सोडवलेले उदाहरण वाचताना सगळे सोपे वाटते, कोऱ्या कागदावर पेन अडते. आकडेमोडीआधी एक ओळ लिहा : हे उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली आणि का. वर्किंग नोट्स स्पष्ट मांडा. शेवटची बेरीज चुकली, तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळतात.