आजीची आठवण आणि आपलं घर



आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या नव्वदीच्या आजीला १९५६ पूर्वीचा, राजधानी नागपूर असतानाचा काळ लख्ख आठवतो. सकाळची गोळी घेतली की नाही, ते मात्र आठवत नाही. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. पण सगळंच वयावर ढकलू नये.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण आवरता येण्यासारखी १४ कारणं सांगितली. रक्तदाब, मधुमेह, विडी-सिगारेट ही आपल्याला माहीत आहेतच. कमी ऐकू येणं, कमी दिसणं हीसुद्धा त्यांत आहेत. ऐकू येत नाही म्हणून आजोबा गप्प, आणि गप्प म्हणून एकटे. एकटेपणही यादीत आहे. कानाचं मशीन कपाटात पडलेलं असेल तर नीट बसवून घ्या. डोक्याला मार लागणं हेही एक कारण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर आपण काय करतो, ते इथं सांगायला नको!

हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला, शाळा न शिकलेल्यांतही. भाषा म्हणजे औषध नव्हे. तरी आपली आजी बाजारात हिंदी, घरात मराठी बोलत आली, आणि आता नातवंडांचं तिच्याशी बोलणं ‘खाना खा लिया?’ एवढ्यावर आलं आहे.

म्हणून आम्ही ठरवलंय: आरतीनंतर अर्धा तास नातवंडं आजी-आजोबांजवळ बसतील, गप्पा मराठीत होतील, आणि तेवढा वेळ भोंगा बंद.