पाण्यातील बाळंतपण : एका घरात झालेला विचार

(महोत्सवानिमित्त कतारगाम येथे भरलेल्या महिला सभेत एका प्रशिक्षित पदवीधर शिक्षिकेने केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही मुलींच्या शिक्षणावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. शाळामास्तरणीने दुसऱ्या कशावर बोलावे? परंतु ज्या प्रश्नाने आमच्या घरात काही महिने ठाण मांडले होते, तोच आज आपल्यापुढे ठेवावा असे आम्ही ठरविले आहे. तो प्रश्न असा : बाळंतपण पाण्यात करावे की करू नये?

मागच्या रांगेत भगिनी हसत आहेत. त्यांनी खुशाल हसावे. प्रथम ऐकले तेव्हा आम्हीही हसलो होतो, आणि हसून झाल्यावर रागावलो होतो. ती आमची चूक होती. तिच्यापासूनच सुरुवात करू.

२०२३ सालच्या पावसाळ्यात आमच्या भाचीला पाचवा महिना होता. तिचे यजमान येथेच हिऱ्याच्या कारखान्यात घाटावर बसतात. भाची एके दिवशी येऊन म्हणाली, “खाला, कोमट पाण्याच्या टबात बसून बाई बाळंत होते. वेदना कमी होतात. मी पाहिले आहे. मला तसे करायचे आहे.” आम्ही चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, “मुळीच नाही.” पुढे एक शब्द तिला बोलू दिला नाही. वर्गात एखाद्या मुलाने प्रश्न विचारला आणि आम्ही त्याला असे खाली बसविले, तर मुख्याध्यापक आम्हाला काय म्हणतील, हा विचार त्या वेळी मनाला शिवला नाही.

असे का झाले ते सांगितले पाहिजे. ही भाची आमच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. १९९९ साली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमचे गाव नंदुरबार जिल्ह्यात. जिल्हा आदल्याच वर्षी धुळ्यापासून वेगळा झालेला. रात्री घरीच सुईणीच्या हातून मुलगी झाली, वार पडली आणि सर्वांनी अल्लाचे आभार मानले. पण रक्त थांबत नव्हते. सुईण म्हणाली, इतके जातेच. खाली गोधड्या होत्या. एक भिजली की दुसरी घातली. किती रक्त गेले हे कोणालाच कळले नाही, कारण ते सारे गोधड्यांनी पिऊन घेतले होते. पहाटे जीप मिळाली, पण ती तालुक्याला पोहोचण्यापूर्वीच सर्व संपले. आम्ही त्या वेळी कॉलेजात होतो. त्या गोधड्या दुसऱ्या दिवशी आम्ही धुतल्या.

म्हणून “पाण्यात बाळंतपण” हे शब्द ऐकताच आम्हाला टब दिसला नाही, गोधड्या दिसल्या. आम्हाला वाटले, गोधडीने रक्त लपविले, तसे पाणीही लपवील.

पुढे आठ दिवस घरात या एकाच विषयावर परिषद भरली. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, “पाणी आम्ही २००६ च्या पुरात पुष्कळ पाहिले. आता टब आणून घरात आणखी पूर नको.” शिवाय, मूल पाण्यात गुदमरेल ही त्यांची मोठी धास्ती होती. जावई बिचारे दोन्हीकडे मान हलवीत. नात्यातल्या एका तरुणाने कुराणातील हजरत मरियम यांच्या प्रसूतीचा दाखला दिला. खजुराच्या झाडाखाली त्यांना कळा आल्या आणि पायाशी झरा वाहू लागला, तेव्हा पाणी हे बाळंतिणीचे सोबतीच आहे, असे तो म्हणाला. आमच्या वृद्ध अम्मींनी शांतपणे विचारले, “बेटा, तो झरा पिण्यासाठी होता की बसण्यासाठी?” त्यावर सर्व हसले आणि ती बाजू तेथेच मिटली.

पण भाची हसली नाही. निघताना ती आम्हाला म्हणाली, “खाला, भीती तुमची आहे, पोट माझे आहे.”

भगिनींनो, या वाक्याने आम्हाला झोप लागू दिली नाही. आईविना वाढविलेल्या मुलीला आम्ही तिच्या आईच्या मरणाखेरीज दुसरे काहीच उत्तर देऊ शकलो नव्हतो. मग आम्ही जे प्रथमच करावयास हवे होते ते केले. वाचावयास बसलो आणि समजेल तेवढे समजून घेतले. ते आपल्यापुढे थोडक्यात ठेवतो.

पहिली गोष्ट, हे एक प्रकरण नसून दोन आहेत. कळा येत असताना कोमट पाण्यात बसणे हे एक, आणि मूल प्रत्यक्ष पाण्यात जन्मणे हे दुसरे. बहुतेक भांडणे या दोहोंची गल्लत केल्याने होतात. कोमट पाण्यात शरीराचा भार हलका होतो, स्नायू सैल पडतात, कूस बदलणे सोपे जाते आणि वेदना सोसवतात. यात नवल काही नाही. आपल्या आज्या पहिलटकरणीच्या कमरेवर ऊन पाणी घालीतच असत. २०१८ मध्ये जगभरातील १५ चाचण्यांचा आणि त्यांतील ३,६६३ स्त्रियांच्या अनुभवाचा एकत्र विचार झाला. त्यात असे दिसले की, कळांच्या काळात पाण्यात बसणाऱ्या स्त्रियांना पाठीतून भूल देण्याची गरज काहीशी कमी पडते, आणि आईला किंवा मुलाला त्यामुळे अधिक अपाय होतो असा पुरावा मिळाला नाही.

दुसरी गोष्ट, मूल गुदमरण्याची. पोटात मूल पाण्यातच असते आणि त्याचा प्राणवायू नाळेतून येतो. निरोगी मूल सामान्यतः हवा लागल्यावरच श्वास घेते. म्हणून त्याला लगेच वर काढतात आणि एकदा वर आलेले डोके पुन्हा पाण्यात जाऊ देत नाहीत. परंतु पोटात आधीच घाबरे झालेले मूल पाण्यातच श्वास ओढण्याचा धोका असतो. त्यासाठी मुलाच्या हृदयाचे ठोके वरचेवर ऐकणारे माणूस शेजारी हवे, आणि बिघाड दिसताच आईला पाण्याबाहेर काढता आले पाहिजे. पाणी ३७.५ अंशांहून अधिक तापलेले नसावे. ते स्वच्छही हवे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात २०१६ मध्ये पाण्यात जन्मलेल्या दोन अर्भकांना पाण्यातील जंतूंमुळे फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याची नोंद आहे. आपल्या गच्चीवरच्या टाक्या आपण वर्षातून किती वेळा धुतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

तिसरी गोष्ट, जाणत्यांचे मत. ते एक नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली पार्लमेंटच्या आरोग्य समितीने, जेथे शक्य असेल तेथे प्रसूतिगृहात अशा टबाची सोय असावी, असे सुचविले. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की, पूर्ण दिवस भरलेल्या निरोगी स्त्रीने कळांच्या काळात पाण्यात बसावयास हरकत नाही, पण मूल मात्र पाण्याबाहेर जन्मू द्यावे. फ्रान्समधील पिथिव्हिए गावी डॉ. मिशेल ओदाँ यांनी आपल्या इस्पितळात हा प्रयोग केला आणि १९८३ मध्ये त्याची माहिती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापली. तेव्हापासून हा वाद चालू आहे.

हे सर्व आम्ही एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखून लिहिले, फळ्यावर लिहितो तसे. डावीकडे ‘पाण्यात’, उजवीकडे ‘पाण्याबाहेर’. खाली चार प्रश्न लिहिले : आईची प्रकृती कशी आहे? जवळ जाणते माणूस कोण? रक्त जास्त गेले तर ते कळणार कसे? कळल्यावर किती मिनिटांत उपाय होणार? उत्तरांची जागा कोरी ठेवली आणि कागद भाचीच्या हाती दिला. म्हणालो, “डॉक्टरीणबाईंना विचारून तूच भर. आम्ही मध्ये बोलणार नाही.” बंधूंनो, गप्प राहणे शिक्षकाला किती जड जाते, हे सांगावयास नको.

तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात ९.२ निघाले. हे काही तिचे एकटीचे दुखणे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गुजरातेत शंभरांपैकी ६२ हून अधिक गर्भवती स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. दिवस भरत आलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. वार सुटल्यावर गर्भाशय घट्ट आवळले की ती तोंडे बंद होतात, आणि सैल राहिले तर वाहतच राहतात. ज्या स्त्रीत मुळातच रक्त कमी, तिला थोडे गेलेलेही भारी पडते.

टबाची सोय असलेले ठिकाण भाचीने दुसऱ्या शहरात पाहून ठेवले होते. तेथे महिनाभर आधी जाऊन राहावे लागले असते. खर्च जावयांच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढा, आणि रात्री रक्ताची बाटली लागली तर ओळखीचे कोणी नाही.

येथे आम्हाला आपल्याच मुलखातली एक हकीकत सापडली. ती आम्ही भाचीला सांगितली आणि आपल्यालाही सांगतो. आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात होत होते आणि ते करणाऱ्या परिचारिका साध्या होत्या. अर्ध्या स्त्रियांना मूल जन्मताच मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या दिल्या आणि उरलेल्यांना नुसत्याच दिसावयास तशा गोळ्या दिल्या. ज्यांना औषध मिळाले नाही त्यांच्यात शंभरी १२ जणींना अतिरक्तस्राव झाला. ज्यांना मिळाले त्यांच्यात ६.४ जणींना झाला. आणि हे मोजले कशाने? बाळंतिणीखाली प्लॅस्टिकचे एक कापड घालीत. त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. रक्त गोधडीत जिरत नसे, रेघेवर दिसे.

२०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांत, अशाच कापडाने रक्त मोजून ताबडतोब सर्व उपचार एकदम करण्याची पद्धत वापरली गेली. तीव्र रक्तस्राव व त्यापायी होणारे अनर्थ शंभरी ६० नी घटले. मापाच्या रेघा असलेले एक कापड! आमच्या बहिणीपाशी ते नव्हते. १९९९ साली जननी सुरक्षा योजना नव्हती, ती २००५ ची. गुजरातेत १०८ ची गाडी २००७ साली आली. आम्ही कोणाला दोष देत नाही. एवढेच म्हणतो की, ती नशिबाने गेली असे आम्ही २४ वर्षे म्हणत होतो, आणि ते पुरते खरे नव्हते.

भाचीने कागद भरून आणला. खाली तिच्या हातचा निकाल होता : “कळा येतील तोवर ऊन पाण्याने अंघोळ, जितक्या वेळा वाटेल तितक्या वेळा. मूल खाटेवर. रक्त मोजावयाचे. सोबत खाला.” डॉक्टरीणबाईंना तिने हे सर्व आधी विचारून घेतले होते. लोहाच्या सुया घेतल्या, नाचणी, गूळ, पालेभाजी घरात आली, आणि नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.८ झाले.

डिसेंबरात ती कळा देऊ लागली. मोरीत स्टुलावर बसून तिने दोन-तीन तास कमरेवर ऊन पाणी घेतले. तांब्या आम्हीच ओतीत होतो. वेदना कमी झाल्या का, असे विचारले तर म्हणाली, “कमी नाही, पण माझ्या झाल्या.” पहाटे मुलगी झाली. वार पडल्यावर परिचारिकेने ती पिशवी उजेडात धरली आणि मोठ्याने वाचले, “साडेतीनशे.” म्हणजे चिंता नाही. भगिनींनो, तो आकडा ऐकून आम्ही भिंतीला धरून उभे राहिलो. आमच्या बहिणीचा आकडा आम्हाला कोणी कधी सांगितला नव्हता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयाची राहिली. पुढे २०२४ मध्ये इंग्लंड व वेल्समधील ७० हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी स्त्रियांत पाण्यात मूल जन्मल्याने आईला गंभीर इजा किंवा मुलाला गंभीर अपाय अधिक होतो असे त्यात दिसले नाही. फक्त नाळ तुटण्याचा प्रकार थोडा अधिक आढळला, तोही शंभरांत एखादा. म्हणजे आमचे ते पहिले “मुळीच नाही” अज्ञानाचे होते. भाचीने ते वाचून आम्हाला चिडविले, आणि तो तिचा हक्क होता. परंतु हेही ध्यानात ठेवावे की, तेथे शिकलेली सुईण शेजारी बसलेली असते. आपल्या सरकारने अशा प्रशिक्षित सुईणी तयार करण्याचे धोरण २०१८ मध्ये आखले. तेव्हा पाण्यात बाळंतपण वाईट, असा निष्कर्ष घेऊन कोणी घरी जाऊ नये. ज्याच्यापाशी चारही प्रश्नांची उत्तरे आहेत, त्याने खुशाल टब घ्यावा. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने टबाआधी ती मिळवावीत. आणि घरच्या घरी, कोणी जाणते जवळ नसता, टब मांडून हा प्रयोग कोणीही करू नये.

विश्वस्त मंडळींना एक विनंती करून पुरे करतो. महोत्सवाचा जो निधी उरेल, त्यातून तीन लहान कामे व्हावीत : गर्भवती भगिनींची हिमोग्लोबिनची तपासणी, रक्तगटासह रक्तदात्यांची एक यादी आणि रात्री-अपरात्री सोबत जाणाऱ्या चार बायकांची पाळी. यादीत पहिले नाव आमचे घालावे. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. पाळीतही आमचे नाव असू द्यावे, तांब्या आम्ही घरून आणू.