मंडळी म्हणजे कोण?

नमस्कार मंडळी! मराठी बायबलात चर्चला 'मंडळी'च म्हणतात. इमारत नव्हे, माणसं.

मी चेन्नईत सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये जातो. देशाची फाळणी झाली त्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, इथे वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एक होऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' सुरू झालं.

पंथ जुळले, माणसांचं काय? प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, असं उत्पत्तीचं पुस्तक सांगतं. तरी १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद सोडायला बजावलं, तेव्हा दक्षिणेत पुष्कळांनी चर्च सोडलं, जात सोडली नाही.

त्यांना हसू नका. प्रभुभोजनाला शेजारी गुडघे टेकलेल्याची जात मी विचारत नाही. मुलीचं लग्न जुळवताना मात्र विचारली होती. त्या दिवशी मी मंडळीत नव्हतो.