कोणाच्या बोटीने जावे?

आमचे बिऱ्हाड बेंगळूरच्या शिवाजीनगरात आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंच. पूर्वेला निघा की पश्चिमेला, पाच-सहा तास गाडीत बसल्याखेरीज समुद्र दृष्टीस पडत नाही. आम्हांला तो भेटतो रसेल मार्केटात, बर्फाच्या पेट्यांतून. माझ्या आईचे माहेर अलिबागेजवळ, रेवसच्या वाटेवर. किनारा सोडून तिला कितीतरी वर्षे झाली, पण रविवारी सकाळी बाजारात गेली की ती विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. सुरमईचा कल्ला स्वतः उघडून पाहते, आणि मगच भाव विचारते. मुलांना ह्याचा संकोच वाटतो. गेल्या वर्षापर्यंत मलाही वाटत असे.

गेल्या वर्षी मुलांनी क्रूझचा हट्ट धरला. शाळेतील कोणी सिंगापूरहून जहाजाची सफर करून आले होते, आणि त्या जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या होत्या. मी पडलो सरकारी नोकर. कोणताही निर्णय करायचा म्हणजे आधी तक्ता मांडायचा, ही वीस वर्षांची सवय. एका कागदावर उभ्या रेघा ओढल्या : कंपनी, जहाज, मजले, रात्री, भाडे, शाकाहारी जेवण. पत्नी शाकाहारी असल्यामुळे शेवटचा रकाना तिच्या आग्रहाचा.

तक्त्यात तीन नावे राहिली. पहिले, सिंगापूरच्या मरीना बे धक्क्यावरून निघणारे 'गेंटिंग ड्रीम'. २०१६ साली जर्मनीत पापेनबुर्ग येथे बांधलेले, सुमारे दीड लाख टनांचे, तीन हजारांहून अधिक उतारू सहज सामावून घेणारे. दुसरे, कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस'. २०२१ च्या सप्टेंबरपासून ह्या कंपनीने मुंबईहून सफरी सुरू केल्या. जहाज मात्र १९९० सालचे, फ्रान्समध्ये सेंट नाझेर येथे बांधलेले, आकाराने पहिल्याच्या एक-तृतीयांश. तिसरे नाव माझ्या आवडीचे : कोचीहून सुटणारी लक्षद्वीप प्रशासनाची जहाजे. ही मुळात बेटांवरच्या माणसांच्या जाण्यायेण्याची साधने. त्यांवरच पर्यटकांसाठी 'समुद्रम्' नावाची सहल असते, दिवस बेटावर आणि रात्र बोटीवर. प्रवेशाचा परवाना लागतो, परंतु परवाने काढण्याचे मला भय नाही.

हा तक्ता मी मोठ्या अभिमानाने आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बोट किती मजली ते कळलं रे. पण वेळ आली तर होड्या किती, आणि मी त्या होडीपर्यंत कशी पोचायची, ते ह्यात कुठं लिहिलंय?"

तो रकाना माझ्या कागदावर नव्हता.

ह्या प्रश्नामागे काय होते, ते घरात सर्वांना ठाऊक होते. फक्त त्याचा उच्चार कोणी करीत नसे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात उलटली. गटारी अमावास्येसाठी घरी निघालेली माणसे, बाजारहाट करून परतणारे व्यापारी, कोळी. सहाशेंहून अधिक जीव गेले. त्यांत आईचे धाकटे काका होते. आईचा जन्म त्यानंतरचा, म्हणजे तिने त्यांना पाहिलेसुद्धा नाही. पण तिच्या आजीने पुढे बोटीत पाऊल ठेवले नाही, आणि घरातील मुलींनाही ठेवू दिले नाही. बंदर नजरेसमोर असूनही आई मुंबईला जायची ती पनवेलच्या वळशाने.

कोणाच्या बोटीने जावे, हा प्रश्न आमच्या मुलांना नवा वाटतो; कोकणातल्या माणसांना तो शंभर वर्षांपूर्वी पडलेला होता. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत किनाऱ्यावर एक देशी सहकारी कंपनी उभी राहिली. लोक तिला जिव्हाळ्याने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिच्या बोटींना संतांची नावे असत. परक्यांच्या बोटीपेक्षा आपल्या बोटीने जावे, ही त्या काळी देशभक्तीच होती, आणि त्या भावनेला मी हसणार नाही. तरीही १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी ह्याच किनाऱ्यावर बुडाल्या. जिव्हाळ्याचे नाव लाटेला कळत नाही. उलट बाजूचे उदाहरण त्याहून जुने. १८८८ साली कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' नावाची बोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. ती विजेच्या दिव्यांनी झगमगत असे, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. पुढे चौकशी झाली तेव्हा असे निघाले, की तिच्यावर जीव वाचविण्याची साधने पुरेशी नव्हती. दिवे भरपूर आणि होड्या अपुऱ्या! आजच्या माहितीपत्रकांतील रोषणाईची चित्रे पाहिली की मला त्या बोटीची आठवण होते.

तेव्हा तक्ता फाडला आणि दुसरा मांडला.

समुद्रावरील सुरक्षिततेचे नियम आज जगभर बरेच एकसारखे आहेत. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाले, त्यानंतर दोन वर्षांनी लंडनला पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज चालतो तो १९७४ सालचा, वेळोवेळी सुधारलेला. म्हणजे होड्या आहेत की नाहीत, ही शंका नामांकित कंपनीच्या बाबतीत घेण्याचे कारण नाही. शंका घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची : आपला माणूस तिथपर्यंत पोचेल काय? १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्यालगत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले आणि बत्तीस माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक उतारूंना, संकटकाळी कोठे जमायचे, हे कोणी दाखविलेले नव्हते. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेतलीच पाहिजे, असा नियम झाला. आणीबाणीत उद्वाहनावर भिस्त ठेवता येत नाही. जिन्यानेच जावे लागते. आईचा उजवा गुडघा दुखरा आहे. मुले ज्या मजल्यांचे कौतुक करीत होती, ते मजले तिच्या दृष्टीने पायऱ्या होत्या. मी आमच्या खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत किती जिने, हे विचारणारी पत्रे पाठविली. एका ठिकाणच्या विक्रेत्याने उत्तरादाखल घसरगुंडीचे चित्र पाठविले. त्याचे नाव मी सांगत नाही. पण यादीतून तो गेला.

पैशाच्या बाबतीत माझी कचेरीतली सवय मात्र उपयोगी पडली. जाहिरातीत छापतात ते भाडे दरडोई असते, आणि तेही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुधा कमी पडते, परंतु आम्ही पाच. म्हणजे खोल्या दोन. त्यावर बंदराचे शुल्क, कर, नोकरवर्गाची बक्षिसी, किनाऱ्यावरच्या फेरफटक्याचे निराळे पैसे, आणि भर समुद्रात कोणाला फोन लावलाच तर त्याचा दंड. ही बेरीज केल्यावर सर्वांत स्वस्त म्हणून पहिली आलेली सफर तिसऱ्या जागी गेली. आगाऊ रकमेचेही असेच. 'जलेश' ही कंपनी २०१९ च्या एप्रिलमध्ये थाटामाटाने सुरू झाली. साथ आली, आणि २०२० च्या ऑक्टोबरात तिने काम थांबविले. तिचे 'कर्णिका' जहाज अलंगला भंगारात गेले. सफर रद्द झाली तर पैसे कोण, किती दिवसांत परत देणार, हे कलम म्हणून मी दोनदा वाचतो.

बारीक अक्षरांत आणखी एक अट सर्वत्र आढळते : हवामान पाहून कप्तान एखादे बंदर गाळू शकेल, आणि त्याबद्दल भरपाई मागता येणार नाही. माझ्या एका स्नेह्यांना ह्यात लबाडी दिसते. मला ही अट आवडली. जुलैतल्या त्या सकाळी 'रामदास' धक्क्यालाच बांधून राहिली असती तर उतारू चार शिव्या देऊन दुपारच्या जेवणाला घरी परतले असते.

लक्षद्वीप मला फार नाइलाजाने सोडावे लागले. तेथे पुष्कळ बेटांपाशी जहाज खोल पाण्यात थांबते आणि उतारूंना लहान होडीत उतरवितात. पूर्वी कोकणच्या बंदरांतही हेच पडाव असत. आईला त्या खाली-वर होणाऱ्या होडीत गुडघा घेऊन उतरविण्याची माझी छाती नाही. सिंगापूरला जायचे तर पाच पारपत्रे, आणि मला परदेशी जाण्यासाठी कचेरीची पूर्वपरवानगी. मुलांनी वाईट तोंड केले, पण पहिल्या खेपेला एवढा पसारा नको, असे ठरले. मुंबई-गोवा-मुंबई, जानेवारीत, जेव्हा पश्चिमेचा समुद्र शांत असतो. जहाज लहान, जुने, घसरगुंड्या कमी. जिने मोजून सांगितले ते ह्यांनीच.

बोट लागू नये म्हणून खोली खालच्या मजल्यावर आणि मध्यभागी घेतली. तेथे डोलणे कमी जाणवते. मी बिनखिडकीची घेत होतो, तेवढेच पैसे वाचले असते. आई म्हणाली, खिडकी हवी, आणि ती डाव्या अंगाची. तिकिटाच्या माणसाला ह्या हट्टाचे नवल वाटले. जहाज मुंबई बंदरातून बाहेर पडून दक्षिणेकडे वळते, तेव्हा रेवस आणि अलिबागेचा किनारा डाव्या हाताला राहतो, हे त्याला ठाऊक नसावे. खोली मिळाली. त्यानंतर आईने एकच गोष्ट दोनदा विचारली : बोट उजेडी सुटते ना? जानेवारीत मुंबईस सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. तिकिटावर छापलेली वेळ त्याच्या पुष्कळ आधीची आहे.