पुन्हा एकदा सायकलवर

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



दिल्लीत येऊन आपण मराठी मंडळी स्थिरावलो, मुले मार्गी लागली. परंतु या धावपळीत शरीराकडे मात्र दुर्लक्ष झाले. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आपल्यापैकी कित्येकांनी, भगिनींनीदेखील, कॉलेजात जाता-येता सायकल चालविली. पुढे संसार लागला आणि ती सुटली. तीच पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा हाती घ्यावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. येथे वडीलधारे, भावंडे जवळ नाहीत. घरातील एक माणूस अंथरुणास खिळला की दुसऱ्याची किती ओढाताण होते, हे आपण जाणतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. हा आकडा पहिल्याच दिवशी गाठावयाचा नाही. आरंभी आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर २० मिनिटांची फेरी पुरे. दर आठवड्यास फेरीत ५ मिनिटांची भर घातली, तर सातव्या आठवड्यात ती ५० मिनिटांची होते आणि तीन फेऱ्यांत १५० मिनिटे भरतात. वेग असा असावा की शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

सायकल नवी हवी असे नाही. जुनी असल्यास ब्रेक, चेन आणि टायरमधील हवा तपासून घ्यावी. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. सीट फार खाली असली की गुडघ्यांवर ताण पडतो. डोक्यावर हेल्मेट आणि अंधारात मागे तांबडा दिवा असावाच.

हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर बाळगावी, कारण व्यायामाने रक्तातील साखर एकदम उतरू शकते. छातीत दुखू लागले, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. हिवाळ्यात येथील हवा दूषित झाली, की त्या दिवशी बाहेर न पडता घरातच व्यायाम करावा.

वजन लगेच उतरले नाही म्हणून निराश होऊ नये. आधी जिना चढताना लागणारी धाप कमी होते. वजनाचा काटा मागाहून हलतो, आणि तोही आहार सांभाळला तरच. सायकलीने हृदय व स्नायू बळकट होतात, परंतु हाडांवर पुरेसा भार पडत नाही. म्हणून चालणे आणि थोडी वजने उचलणे सोडू नये.

एकट्याचा निश्चय थंडीत पांघरुणाखालीच राहतो. सोबती दाराशी येऊन घंटी वाजवू लागला, की उठावेच लागते. मंडळाने पन्नास वर्षे आपल्याला सणासमारंभांस एकत्र आणले. आता रविवारी सकाळी, तासभर, सायकलींसह एकत्र यावे, ही आमची नम्र विनंती.